एजंटला पुसण्याचा अधिकार कुठवर द्यावा?

अंधेरी पूर्वेला आमचे कार्यालय आहे आणि छोट्या व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीची क्लाउडवरील यंत्रणा सांभाळणे हे आमच्या टीमचे काम आहे. या कामातला बराच भाग आता एआय एजंट, म्हणजे सांगितलेले काम स्वतः आज्ञा चालवून पुरे करणारे एआय प्रोग्रॅम, करतात. लॉग (यंत्रणेने आपोआप लिहिलेल्या नोंदी) चाळून बिघाडाचे कारण शोधणे, चाचणीसाठी नवे सर्व्हर उभे करणे, टेराफॉर्म या क्लाउडवरील यंत्रणा फायलींत लिहून उभारण्याच्या साधनाच्या फायलींत बदल सुचवणे, महिन्याचे बिल का वाढले याचा माग काढणे ही कामे ते नेटकेपणाने करतात आणि त्यामुळे आमचे कष्ट खरोखरच वाचले आहेत. एजंट वापरू नयेत असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते वापरायचेच आहेत असे धरून चालू. ज्या क्रिया एकदा झाल्या की परत फिरवता येत नाहीत, त्यांच्याजवळ एजंटला किती जाऊ द्यावे, एवढाच माझा विषय आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: अशा क्रियांचा अधिकार एजंटच्या ओळखीला जोडलेला असूच नये, आणि हे बंधन एजंटला दिलेल्या सूचनांमध्ये लिहून न थांबता क्लाउडच्या परवानग्यांमध्ये लिहिलेले असावे.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या, एआयकडून ॲप लिहून घेण्याच्या सेवेवर घडलेला प्रकार या क्षेत्रातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. सास्टर या सॉफ्टवेअर-उद्योजकांच्या व्यासपीठाचे संस्थापक जेसन लेमकिन तिथल्या एजंटकडून एक ॲप तयार करून घेत होते. आता कोणताही बदल करायचा नाही, अशी स्पष्ट सूचना त्यांनी दिलेली होती. तरीही एजंटने प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, डेटाबेसवर आज्ञा चालवली आणि १,२०० हून अधिक उद्योग-अधिकाऱ्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. वर, आता मागे जाता येणार नाही, असेही एजंटने सांगितले. प्रत्यक्षात मात्र रोलबॅक झाला, म्हणजे आधीच्या स्थितीत जाता आले, आणि नोंदी परत मिळाल्या. रेप्लिटचे मुख्य कार्यकारी अधिकारी अमजद मसाद यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि डेव्हलपमेंट (बांधणी व चाचणी) व प्रॉडक्शनचे डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणत असल्याचे सांगितले.

त्या वेळी बरीच चर्चा एजंट खोटे बोलला की नाही, यावर झाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट अशी, की सूचना आणि अधिकार एकमेकांशी जोडलेले नव्हते. बदल करू नकोस असे सांगितलेले होते, पण बदल करण्याची ताकद त्याच एजंटच्या हाती तशीच ठेवलेली होती. भाषेच्या मॉडेलसाठी सूचना म्हणजे त्याच्यासमोरच्या मजकुरातला आणखी एक मजकूर. काम लांबले, मध्ये शेकडो ओळींचे लॉग आले, त्रुटीचे संदेश आले, की सुरुवातीची ती ओळ पाळली जाण्याची शक्यता कमी-जास्त होत राहते; ती शंभर टक्के कधीच नसते. शिवाय एजंट जे वाचतो ते सगळेच आपण लिहिलेले नसते. ग्राहकाने भरलेल्या तक्रारीत, एखाद्या लॉगच्या ओळीत किंवा बाहेरून आणलेल्या कोडमध्ये कोणी मुद्दाम आज्ञा पेरून ठेवली, तर एजंट तीही वाचतो. त्याच जुलै महिन्यात ॲमेझॉन क्यू या एआय सहायकाच्या, व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या साधनासाठीच्या विस्तारात कोणीतरी अशीच सूचना घुसवली होती. संगणकावरील फायली आणि क्लाउडवरील संसाधने पुसून टाक, असा तिचा मजकूर होता. ॲमेझॉनने ती आवृत्ती मागे घेतली आणि कोणत्याही ग्राहकाच्या संसाधनांना इजा झाली नसल्याचे सांगितले. पण अशी सूचना अधिकृत आवृत्तीत पोहोचू शकते, एवढे कळणे आपल्याला पुरेसे आहे.

मुंबईच्या लोकलमध्ये ही बाब फार पूर्वी ओळखली गेली आहे. लाल सिग्नल ओलांडायचा नाही, हे मोटरमनला प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून माहीत असते आणि तो ते मनापासून पाळतो. तरीही उपनगरीय मार्गांवर रुळांजवळ ट्रॅक मॅग्नेट बसवलेले आहेत आणि डब्यात ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम आहे; गाडीने लाल सिग्नल ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतात. मोटरमनवर अविश्वास म्हणून ही व्यवस्था केलेली नाही. हजारो माणसांचा जीव एका माणसाच्या त्या क्षणाच्या लक्षावर टांगलेला असू नये, म्हणून केलेली आहे. क्लाउडवरील परवानग्यांकडे मी याच दृष्टीने पाहते. एजंटला दिलेली सूचना हे प्रशिक्षण आहे. ते हवेच, पण ब्रेक रुळाकडून लागले पाहिजेत.

पुसले जाण्याच्या मोठ्या दुर्घटना एजंटांच्या आधीपासून घडत आल्या आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस३ या फायली साठवण्याच्या सेवेत काही सर्व्हर काढून घेण्याची आज्ञा एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार चालवली. तिच्यातला एक तपशील चुकीचा टाइप झाला आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघून गेले. त्यानंतर ॲमेझॉनने जो उपाय केला तो माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. त्यांनी ते साधनच बदलले. ते आता क्षमता हळूहळू काढते आणि किमान पातळीच्या खाली जाऊ देत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका स्क्रिप्टला चुकीचे ओळख-क्रमांक दिले गेले आणि ती कायमचे पुसण्याच्या पर्यायासह चालली. ७७५ ग्राहकांची सेवा बंद पडली आणि काहींना ती परत मिळायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील यंत्रणाच पुसली गेली, कारण ती उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता आणि त्यामुळे मुदत संपताच ती आपोआप पुसली जाईल अशी नोंद झाली होती. युनिसुपरने बॅकअप दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवलेले होते, आणि पुन्हा उभे राहताना त्यांचा मोठा उपयोग झाला.

यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नव्हता. परवानगीही प्रत्येकाकडे रीतसर होती. एजंट आल्याने यात दोन गोष्टींची भर पडली आहे. पहिली म्हणजे वेग, ज्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते. एखादी आज्ञा फसली की माणूस थांबतो, सहकाऱ्याला विचारतो, चहा घेऊन येतो. एजंट त्रुटीचा संदेश वाचतो आणि दुसरा मार्ग शोधतो, कारण त्याला तसेच घडवलेले आहे आणि बाकीच्या कामात त्याच गुणाचा आपल्याला फायदा होतो. आरडीएस या ॲमेझॉनच्या डेटाबेस-सेवेवरील डेटाबेसला डिलीशन प्रोटेक्शन (पुसण्याविरुद्धचे कुलूप) लावलेले असेल आणि तो पुसण्याचा प्रयत्न केला, तर एडब्ल्यूएसकडून, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडकडून, येणारा संदेश साधारण असा असतो: हा डेटाबेस संरक्षित आहे, कृपया डिलीशन प्रोटेक्शन काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. कुलूप कसे उघडायचे हे कुलपानेच सांगितलेले आहे. ज्या रोलला (परवानग्या जोडलेल्या ओळखीला) पुसण्याची आणि बदल करण्याची अशा दोन्ही परवानग्या आहेत, त्याच्यासाठी हे संरक्षण म्हणजे फक्त एक जास्तीची पायरी होय. घाईतल्या माणसाला सावध करण्यासाठी ते उत्तम आहे. एजंटला अडवण्यासाठी ते नाही, आणि अनेक टीम त्याच्यावरच विसंबून राहताना मला दिसतात.

आता विध्वंसक क्रिया म्हणायचे तरी कशाला, हा प्रश्न येतो, आणि इथे सर्वांत जास्त गफलत होते. पहिली कल्पना अशी सुचते की ज्या क्रियेच्या नावात डिलीट, टर्मिनेट किंवा ड्रॉप आहे, त्या सगळ्या बंद कराव्यात. आम्हीही यादी तिथूनच सुरू केली, पण ती जसजशी वाढत गेली तसतसे लक्षात आले की नावावरून काहीच ठरत नाही. एस३ बकेटला, म्हणजे तिथल्या साठवणीच्या कप्प्याला, एका दिवसात मुदत संपण्याचा लाइफसायकल नियम लावला, तर बकेटमधल्या वस्तू गुपचूप निघून जातात आणि त्या क्रियेच्या नावात पुसण्याचा उल्लेखही नसतो. ती फक्त एक सेटिंग असते. आरडीएसचे बॅकअप ठेवण्याचे दिवस शून्य केले, तर स्वयंचलित बॅकअप बंद होतात आणि आधीचे साठलेलेही लगेच पुसले जातात. हीसुद्धा नावाने केवळ एक दुरुस्ती आहे. टेराफॉर्मची स्टेट फाइल, म्हणजे त्याने काय काय उभारले आहे याची नोंदवही, हरवली तर एकही सर्व्हर बंद पडत नाही, पण कोणती वस्तू कोणाची याचा हिशेबच हातून जातो.

याच्या उलटही असते. व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय, चालू असलेल्या बकेटमधली फाइल साध्या रीतीने पुसली, तर तिच्यावर फक्त पुसल्याची खूण बसते आणि जुनी आवृत्ती तशीच राहते. विशिष्ट आवृत्ती कायमची पुसण्याची परवानगी वेगळी आहे आणि खरा धोका तिथे आहे. केएमएस या सेवेत डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी ‘की’, म्हणजे किल्ली, असते. ती पुसायला सांगितली, तर एडब्ल्यूएस ती लगेच पुसत नाही. ७ ते ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि काही न सांगितल्यास तो ३० दिवसांचा धरला जातो. पासवर्डसारखी गुपिते ठेवणाऱ्या सीक्रेट्स मॅनेजरमध्येही ७ ते ३० दिवसांची अशीच सवड असते. ज्याने हे प्रतीक्षाकाळ घडवले त्याला मी मनोमन धन्यवाद देते, कारण ती किल्ली गेली की तिने बंद केलेला सगळा डेटा असूनही नसल्यासारखाच. आमच्या यादीत म्हणून आता क्रियेचे नाव दुय्यम आहे. ही क्रिया झाल्यावर पूर्वस्थितीत येता येते का, येत असल्यास किती वेळात, आणि ते परत येणे ज्याच्यावर अवलंबून आहे तो बॅकअप याच अधिकाराने पुसता येतो का, या प्रश्नांच्या उत्तरांवरून क्रियेची जागा ठरते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, की ती परवानगी एजंटला मिळत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मंजुरी देणाऱ्या माणसाने काय पाहावे हे त्यातून मला नीट समजले. सुरक्षा-तपासणीत आमच्या चाचणी-खात्यातला एक जुना डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला नसल्याचे आढळले. एजंटला ते दुरुस्त करायला सांगितले. त्याने टेराफॉर्मच्या फायलीत एकच ओळ बदलली, स्टोरेज एन्क्रिप्टेड याची किंमत नाहीऐवजी होय केली, आणि वर नेटके वर्णन लिहिले: डेटाबेसवर एन्क्रिप्शन सुरू केले आहे, बदल किमान आहे. वर्णन वाचून कोणीही मान डोलावली असती. आमच्याकडच्या वरिष्ठ डेटाबेस प्रशासक मॅडमनी मात्र वर्णन बाजूला ठेवून टेराफॉर्मचा प्लॅन, म्हणजे लागू केल्यास काय काय होईल याची त्यानेच काढलेली यादी, उघडला. तिथे त्या ओळीपुढे, या बदलामुळे संसाधन नव्याने करावे लागेल, अशी टीप होती, डाव्या बाजूला वजा आणि अधिकची खूण होती, आणि शेवटी गोळाबेरीज होती: १ नवे, ० बदल, १ नष्ट. चालू आरडीएस डेटाबेसवर एन्क्रिप्शन असे जागच्या जागी चढवता येत नाही. आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्यायचा, त्याची एन्क्रिप्ट केलेली प्रत करायची आणि तिच्यातून नवा डेटाबेस उभा करायचा, हा त्याचा मार्ग आहे. एजंटचा बदल लागू झाला असता तर जुना डेटाबेस पुसला जाऊन त्याच नावाचा, पूर्ण एन्क्रिप्टेड आणि पूर्ण रिकामा डेटाबेस उभा राहिला असता. “शेवटची ओळ आधी वाचत जा,” असे मॅडम आमच्यातल्या नव्या मुलाला म्हणाल्या, “वर्णन सगळ्यात शेवटी.”

तेव्हापासून मंजुरीच्या पडद्यावर एजंटचे वर्णन आम्ही खाली ढकलले आहे आणि यंत्राने काढलेला प्लॅन वर आणला आहे. पण माणसाच्या डोळ्यांवरही सगळा भार टाकलेला नाही. टेराफॉर्मचा प्लॅन यंत्राला वाचता येणाऱ्या जेसन (JSON) स्वरूपात काढता येतो आणि त्यात प्रत्येक संसाधनावर कोणती क्रिया होणार हे स्पष्ट लिहिलेले असते. एजंटने लिहिलेल्या बदलात डेटाबेस, बकेट, डिस्क किंवा ‘की’ यांपैकी कशावरही नष्ट करण्याची क्रिया दिसली, तर पाइपलाइन (बदल तपासून लागू करणारी स्वयंचलित साखळी) तिथेच थांबते आणि तो बदल मंजुरीच्या रांगेतही येत नाही. मंजुरी मिळते ती त्या नेमक्या साठवलेल्या प्लॅनला. मधल्या काळात स्टेट बदलली असेल तर टेराफॉर्म तो प्लॅन शिळा ठरवून नाकारते, त्यामुळे मंजूर एक आणि लागू दुसरेच, असे होत नाही. टेराफॉर्ममध्ये प्रिव्हेंट डिस्ट्रॉय नावाची सोयही आहे आणि ती वापरावी, मात्र संसाधनाचा पूर्ण ब्लॉकच फायलीतून काढला तर त्याबरोबर ही सोयही निघून जाते, हे ध्यानात ठेवावे.

परवानग्यांची मांडणी करताना आम्ही पहिले काम केले ते एजंटला स्वतःची ओळख देण्याचे. लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये एजंट चालवला, की त्या इंजिनिअरच्या होम फोल्डरमधली एडब्ल्यूएसची प्रवेश-किल्ली तो आपोआप वापरतो, आणि मग ज्या माणसाने दहा वर्षांत विश्वास कमावून प्रॉडक्शनचा अधिकार मिळवला, त्याचा सगळा अधिकार त्या एजंटकडे पहिल्याच मिनिटाला जातो. माझ्या मते सध्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित फट हीच आहे. आमचे एजंट आता वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून अलग केलेल्या चौकटीत) चालतात, त्यांचा रोल वेगळा आहे, आणि त्यांना एसटीएस या एडब्ल्यूएसच्या सेवेकडून तात्पुरती ओळख मिळते, जिची मुदत कमीत कमी १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते. प्रॉडक्शनच्या खात्यात हा रोल फक्त वाचू शकतो. बदल लागू करण्याचे काम पाइपलाइनचा वेगळा रोल करतो आणि त्या रोलपर्यंत एजंटला पोहोचता येत नाही. एजंट बदल लिहितो, लागू मात्र करत नाही.

याच्यावर सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीचे, म्हणजे एका ऑर्गनायझेशनमधल्या खात्यांना वरून लागू होणाऱ्या एडब्ल्यूएसच्या नियमावलीचे, छत आहे. ही पॉलिसी कोणालाही परवानगी देत नाही, फक्त कमाल मर्यादा आखते, आणि तिच्यातल्या स्पष्ट नकारापुढे खात्यातल्या कोणत्याही होकाराचे चालत नाही. स्नॅपशॉट पुसणे, एस३ची आवृत्ती पुसणे, व्हर्जनिंग थांबवणे, लाइफसायकल नियम बदलणे, एन्क्रिप्शनची किल्ली बंद करणे, लॉगिंग थांबवणे या क्रिया आणीबाणीच्या एका रोलखेरीज सर्वांना तिथे नाकारल्या आहेत. तो रोल घ्यायला दोन माणसे लागतात. मात्र ऑर्गनायझेशनच्या मुख्य खात्याला ही पॉलिसी लागू होत नाही, म्हणून त्या खात्यात एजंटचे कोणतेही काम ठेवायचे नाही, हे पथ्य पाळावे लागते.

बॅकअप वेगळ्या खात्यात ठेवावेत, हे सर्वांना माहीत असते आणि खर्चाच्या बैठकीत सर्वांत आधी तेच पुढे ढकलले जाते. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या एडब्ल्यूएस नियंत्रण-पॅनेलमध्ये हल्लेखोर शिरला. त्याने डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसले, आणि ती कंपनी बंद पडली. एकाच अधिकाराच्या कक्षेत मूळ वस्तू आणि तिची प्रत ठेवली, की ती प्रत राहत नाही. आमच्याकडच्या कर्जखात्यांच्या नोंदींचे बॅकअप वेगळ्या खात्यात, एस३च्या ऑब्जेक्ट लॉकखाली, कम्प्लायन्स प्रकारात आहेत. या प्रकारात ठरलेली मुदत संपेपर्यंत खात्याच्या रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्यालाही वस्तू पुसता येत नाही. गव्हर्नन्स प्रकार सौम्य आहे आणि विशेष परवानगीने तो ओलांडता येतो, म्हणून या कामासाठी आम्ही तो घेतला नाही. साठवणीचा खर्च वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता.

एजंटकडून सर्वांत जास्त मागितले जाणारे काम साफसफाईचे आहे, कारण बिल दरमहा येते. कोणत्याही सर्व्हरला न जोडलेल्या डिस्क शोधून पुसून टाक, असे सांगणे किती सोपे वाटते! पण ईबीएस या डिस्क पुरवणाऱ्या सेवेच्या यादीत डिस्क अव्हेलेबल (उपलब्ध) दिसते याचा अर्थ ती आत्ता जोडलेली नाही, इतकाच असतो. आमच्याकडे महिनाअखेरीस हप्त्यांचा ताळमेळ घालणारा एक सर्व्हर आहे. तो काम झाले की काढून टाकला जातो, पण त्याची डिस्क पुढच्या महिन्यासाठी ठेवलेली असते. महिन्याच्या मध्यावर पाहणाऱ्याला ती बेवारस दिसेल. म्हणून साफसफाईत एजंट डिस्क पुसत नाही, तर तिच्यावर खूण लावण्याचा बदल सुचवतो, तिचा मालक शोधून त्याला तिकीट पाठवतो, आणि महिनाअखेर उलटून गेल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. नंतरही आधी स्नॅपशॉट घेतला जातो आणि मग पाइपलाइन डिस्क काढते. बिल थोडे उशिरा कमी होते, त्याला माझी हरकत नाही.

यावर एक आक्षेप वारंवार येतो आणि तो रास्त आहे. प्रत्येक गोष्टीला माणसाची मंजुरी लागणार असेल तर एजंट हवा कशाला, असे आमच्या वरिष्ठांनीही विचारले. शिवाय दिवसभरात पन्नास वेळा मंजुरी मागितली, तर एकावन्नाव्या वेळी माणूस न वाचताच होय म्हणतो. रात्री ऑन-कॉल, म्हणजे बिघाडासाठी जागेवर, असलेला तर नक्कीच म्हणतो. म्हणून मंजुऱ्या कमी ठेवल्या पाहिजेत, आणि त्या कमी ठेवता येतात त्या खाती वेगळी केल्यामुळेच. डेव्हलपमेंटच्या खात्यात सगळा डेटा बनावट आहे आणि तिथे एजंटने काहीही उभारावे, काहीही पाडावे, कोणी विचारत नाही. वाचण्याच्या कामाला कुठेच मंजुरी नाही. माणूस लागतो तो फक्त प्रॉडक्शनमधल्या मूठभर क्रियांसाठी, आणि त्या मागणीत संसाधनाचे पूर्ण नाव, खाते, शेवटचा वापर, ताज्या बॅकअपची वेळ आणि तो बॅकअप उभा करून पाहिल्याची नोंद असल्याशिवाय मंजुरीचे बटणच दिसत नाही. रात्री अशा मागण्या येऊच शकत नाहीत. रात्री अडीच वाजता डेटाबेस पुसण्याची निकड पडली, असे या क्षेत्रात मी अजून पाहिलेले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदवते, कारण मुंबईतल्या वित्तीय कंपन्यांना ती टाळता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाभंगाची जी व्याख्या आहे, तीत केवळ गळती येत नाही. वैयक्तिक डेटा अपघाताने नष्ट होणे आणि तो हाती न लागणे, हेही तीत येते. वाजवी सुरक्षा-उपाय न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. एडब्ल्यूएसवरील क्रियांची नोंद ठेवणाऱ्या क्लाउडट्रेलचा इव्हेंट इतिहास मात्र आपोआप ९० दिवसांचाच असतो, त्यामुळे स्वतंत्र ट्रेल चालू करून तो बकेटमध्ये साठवणे भाग आहे. त्या लॉगमध्ये एजंटचे प्रत्येक सत्र वेगळ्या नावाने दिसले पाहिजे आणि कोणत्या माणसाच्या सांगण्यावरून ते सुरू झाले हेही कळले पाहिजे. चौकशीच्या वेळी, एजंटने केले, हे उत्तर कोणी स्वीकारणार नाही, आणि स्वीकारूही नये.

ही सगळी बंधने कागदावर बरोबर आहेत की प्रत्यक्षातही, हे तपासण्यासाठी आम्ही एका अलग खात्यात प्रॉडक्शनसारखीच परवानग्यांची रचना उभी केली आहे आणि तिथे एजंटलाच काम देतो: हा संरक्षित डेटाबेस, हवा तो मार्ग वापरून, पुसून दाखव. यातून जे कळते ते कोणत्याही आढावा-बैठकीत कळले नसते. एका चाचणीत थेट पुसण्याची आज्ञा नाकारली गेल्यावर एजंटने एक छोटे लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिले आणि त्याला देखभालीसाठी पूर्वी कधीतरी केलेला, आता कोणाच्याही स्मरणात नसलेला एक रोल जोडला. त्या रोलला डेटाबेस पुसण्याची परवानगी होती, आणि फक्त वाचण्यापुरता मानलेल्या एजंटच्या रोलला फंक्शन तयार करण्याची आणि कोणताही रोल दुसऱ्या सेवेकडे सोपवण्याची, म्हणजे पासरोलची, परवानगी राहून गेली होती. स्वतःकडे नसलेला अधिकार त्याने असा दुसऱ्याकरवी वापरला. आता पासरोल मोजक्या रोलांपुरताच ठेवला आहे, नव्या रोलांना परवानगीची कमाल सीमा जोडल्याशिवाय ते तयारच होत नाहीत, आणि वापरात नसलेले जुने रोल आम्ही एकेक करून काढत आहोत. पुढच्या चाचणीत एजंटला डेटाबेसऐवजी बॅकअप ठेवण्याच्या दिवसांपर्यंत पोहोचायला सांगणार आहोत. तो मार्ग पूर्ण बंद असल्याची खात्री मला अजून झालेली नाही.